घोटा कोणी धरला होता

नाव: निशिकांत वामन टिपणीस. वय: ५४ वर्षे. धंदा: नोकरी, तुआस येथील जहाजदुरुस्तीच्या यार्डात मेंटेनन्स मॅनेजर. राहणार: क्लेमेंटी, बारावा मजला, सिंगापूर. दिनांक: २५ ऑक्टोबर २०१६, मंगळवार, सकाळी ११.

आपण बोलावल्यावरून मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, दुभाषी श्रीमती सरिता यांच्यासमोर मराठीत सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नी सुरेखासह एकोणीस वर्षे राहतो. मला इंग्रजी येते. परंतु इंग्रजीत मी फक्त यार्डाचे रिपोर्ट लिहितो आणि त्यांत चूक नेहमी व्हॉल्व्हची असते. म्हणून मराठी.

जखमी सारंग, वय २४, हा माझा मुलगा. तो ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळतो, तेही पोटापाण्यासाठी. आमच्या नात्यात अकरा इंजिनियर आहेत, बाराव्यावाचून कोणाचे अडले नसते, पण हे मला उशिरा सुचले. एनएस, म्हणजे इथली सक्तीची लष्करी सेवा, पुरी करून तो २०१२ साली गेला. चार वर्षे एका क्लबच्या खालच्या संघात खेळला, सकाळी गोदामात खोकी उचलली, नाक दोनदा मोडून घेतले. इथल्या आमच्या मराठी मंडळात कोणी विचारले की मी 'स्पोर्ट्स मॅनेजमेंट शिकतोय' असे सांगत असे. या सप्टेंबरात क्लबने त्याला मुख्य संघात घेतले. एक वर्षाचा करार, एक नोव्हेंबरला हजर व्हायचे, आज दुपारच्या विमानाने निघायचे, असे ठरले होते. ही बातमी त्याने फोनवर सांगितली तेव्हा मी विचारले, "पेन्शन आहे का?"

शनिवार दि. २२ रोजी सायंकाळी पाच वाजता आमच्या मंडळाचा 'बाप विरुद्ध लेक' कबड्डी सामना होता. तो दर वर्षी दिवाळीआधी होतो आणि बापच जिंकतात, कारण मुलांना आम्ही इथे पोहणे, पियानो आणि मँडरिन शिकवले, कबड्डी शिकवली नाही. मैदानाचा परवाना 'सांस्कृतिक स्नेहमेळावा' या नावाने काढलेला होता. मंडळाचे क्रीडासचिव व सामन्याचे पंच श्री. सुबोध सारंगला म्हणाले, "अरे, रग्बी म्हणजे आपली कबड्डीच, फक्त बॉल जास्तीचा." सारंगने गुडघ्याकडे बोट दाखवून "नको काका, ट्युसडे फ्लाइट लाह" असे इथल्या सिंगापुरी ढंगात म्हटले. तेव्हा मी म्हणालो, "खेळ की. चार वर्षांत काय शिकलास ते तरी दिसेल." तो हसला आणि बूट काढून आत आला.

तपासासाठी एक खुलासा करतो. सारंगच्या खेळात गडी जमिनीवर धरला गेला की पंच ओरडतो, सगळे त्याला सोडतात, तो उठून पायाने चेंडू मागे देतो आणि खेळ पुढे सुरू होतो. आमच्या खेळात शिट्टी होईपर्यंत गडी सोडायचा नसतो. सोडला तर तो मध्यरेषेला हात लावून आपल्यालाच बाद करतो.

सहा वाजून दहा मिनिटांनी सारंग चढाईला आला. दोघांना शिवून परत फिरला. आम्ही त्याला धरले. बाकीच्यांनी कंबर व मांडी, मी उजवा घोटा. तो पडला. पडल्यावर त्याने कबड्डी म्हणणे थांबवले व अंग सैल सोडले. दम गेला, म्हणजे शिट्टी व्हायला हवी होती. श्री. सुबोध त्या वेळी मंडळाच्या फेसबुकसाठी फोटो काढत होते. फोटो छान आला आहे. सारंग सवयीप्रमाणे उठू लागला आणि मला म्हणाला, "बाबा, सोड." माझ्याशी तो एरवी इंग्रजीत बोलतो. हे मराठीत म्हणाला, त्यामुळे समजले नाही असे म्हणायची सोय नाही. मी सोडला नाही. वर मांडीवर तिघे होते. गुडघा आडवा गेला. तसा आवाज मी यार्डात ऐकला आहे, दोर तुटतो तेव्हा.

सात प्रौढ इसम एका तरुणाला मारत आहेत, असा फोन आपल्याला जॉगिंग करणाऱ्या एका बाईंनी केला. त्यांनी पाहिले ते फारसे चूक नव्हते. डॉक्टर म्हणतात, तीन लिगामेंट गेली आहेत. तो चालेल, जिने चढेल, ऑफिसात बसून काम करू शकेल. म्हणजे मला हवे होते ते सगळे. करार रद्द केल्याचा क्लबचा ई-मेल काल आला. चार ओळी, त्यांत दीड ओळ शुभेच्छा.

पाय ओल्या गवतावर घसरला असे सर्वांनी सांगावे, असा मेसेज श्री. सुबोध यांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला आहे. गवत कोरडे होते. सारंगनेही आपल्याला "मीच चुकीचा उठलो" असे सांगितल्याचे मला इथे आल्यावर कळले. ते खरे नाही. तो त्याच्या नियमाप्रमाणे बरोबर उठला. बाकीच्या सहा जणांना तो नियम माहीत नव्हता. मला होता. चार वर्षे त्याचा मिळेल तो प्रत्येक सामना मी डब्याच्या सुट्टीत केबिनचे दार लावून लॅपटॉपवर पाहिला आहे. हे सारंगला माहीत नाही, सुरेखालाही नाही. त्याचा हात मध्यरेषेपासून वीतभर लांब होता आणि मला जिंकायचे होते. माझी मंडळाविरुद्ध किंवा श्री. सुबोध यांच्याविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब सरिताबाईंनी मला सावकाश वाचून दाखवला. 'सोडला नाही' याऐवजी 'सोडता आला नाही' असे लिहू का, असे त्यांनी मध्येच थांबून विचारले. नको म्हटले. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही/-
निशिकांत वामन टिपणीस