कॅमेऱ्याला हात न लावता

मंगल, साळवे परिवारातली सगळी मंडळी, गावाकडून आलेले पाहुणे आणि शहरातल्या फोटोग्राफर बंधूंनो,

तुम्ही एवढे सगळे जण भर उन्हात आलात. खुर्च्या पुरल्या नाहीत, मागं काही जण उभे आहेत. मला वर्गात बोलायची सवय आहे. पण शोकसभेत बोलायची नाही. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

मी शैला. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मंगल आणि मी वैजापूरला शाळेत एका बाकावर बसायचो. तिचं लग्न झालं आणि प्रल्हाद साळवे माझे भाऊजी झाले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, तरी मला ताई म्हणायचे.

भाऊजी लग्नाचे फोटो काढायचे. क्रांती चौकाजवळ त्यांचा स्टुडिओ होता. इथं बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी त्यांनी काढलेला फोटो आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. माझ्या लग्नाचेही त्यांनीच काढले. माझे वडील रडताना कुणालाच दिसले नव्हते. भाऊजींना दिसले.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. गोळ्या सुरू झाल्या. थरथर थोडा वेळ थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. भाऊजी तरीही काम करत राहिले. आणि शेंद्र्याकडच्या एका लग्नात, नवरा-नवरीनं एकमेकांना हार घातले त्या वेळचे फोटो हलले. एकही नीट आला नाही. भाऊजी स्वतः मुलीच्या वडिलांकडं गेले, हात जोडून म्हणाले, तो क्षण माझ्याकडून गेला. ते गृहस्थ चांगले होते, रागावले नाहीत. पण भाऊजींनी घरी येऊन कॅमेरे कपाटात ठेवले आणि स्टुडिओ बंद केला.

त्यानंतरचे दिवस मंगलनं कसे काढले, ते तिलाच ठाऊक. एकदा माझ्याकडं आली आणि म्हणाली, "शैला, ते बोलंनात गं. जेवतात, पेपर वाचतात, पण बोलत नाहीत. कुणाची लग्नपत्रिका आली की पालथी ठेवतात." उन्हाळ्यातसुद्धा भाऊजींच्या मांडीवर शाल असायची. तिच्याखाली हात.

आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला तेव्हा किड्यांचे फोटो हवे होते. मी भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "ताई, हात ऐकत नाय आता." मी म्हटलं, तुम्ही कॅमेरा धरूच नका. कसं काढायचं ते सांगायला तरी या.

ते आले. मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली मुंगीचा पाय दाखवला. बराच वेळ डोळा लावून बघत बसले. मग मुंगीवरून डोळा काढला आणि यंत्राकडंच बघायला लागले. सूक्ष्मदर्शकाच्या खालच्या टोकाला, वस्तूच्या अगदी जवळ येणारं एक छोटं भिंग असतं. त्याला ऑब्जेक्टिव्ह म्हणतात. त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, हे निघतं का?"

निघतं, मी म्हटलं. आटे आहेत त्याला.

"मग हे कॅमेऱ्याला लागंल."

आमच्याकडं एक जुना, मोडका सूक्ष्मदर्शक पडून होता. प्राचार्यांच्या परवानगीनं त्याचं ऑब्जेक्टिव्ह मी भाऊजींना दिलं. त्यांनी लेथवर एक रिंग करून घेतली, मध्ये नळी बसवली, आणि बोटाच्या पेराएवढं ते भिंग कॅमेऱ्यापुढं जोडलं. कपाटातला कॅमेरा बाहेर आला, एवढ्यावरच मंगलनं त्या दिवशी गोड केलं होतं.

पण फोटो येईना. बंधूंनो, तुम्हाला ह्यातलं कळतं, पण बाकीच्यांसाठी सांगते. इतकं मोठं करून बघितलं की केसाच्या जाडीहूनही कमी भाग स्पष्ट दिसतो. पुढचं धूसर, मागचं धूसर. म्हणून कॅमेरा स्क्रूनं कणाकणानं पुढं सरकवायचा, प्रत्येक वेळी फोटो काढायचा, आणि मग ते सगळे कॉम्प्युटरवर एकात एक जोडायचे. तेव्हा कुठं एक किडा पूर्ण दिसतो. आणि ह्यात सगळं हलतं. पंखा लावला की हलतं. रस्त्यानं ट्रक गेला की हलतं. मंगल स्वयंपाकघरातून चालत आली तरी हलतं.

भाऊजींनी एकेक गोष्ट बंद केली. कॅमेरा शहाबादी फरशीवर ठेवला, धक्के जिरावेत म्हणून फरशीखाली सायकलची हवा भरलेली ट्यूब ठेवली. काम भर दुपारी, रस्ता ओस पडला की करायचे. स्क्रू किंचित फिरवायचा, हात मागं घ्यायचा, सगळं शांत होईपर्यंत थांबायचं, मग रिमोटचं बटण दाबायचं. बटण कॅमेऱ्यापासून लांब. तिथं हात कितीही थरथरू दे.

त्या दिवसांत एकदा मी गेले, तर मला दारातच म्हणाले, "ताई, ह्यात कॅमेऱ्याला हात लावायचाच नसतो. हात लावला की फोटो गेला. कुणाचाबी हात. धडधाकट माणसाचाबी."

आणि हसले. मंगल माझ्यामागं उभी होती. ती आत निघून गेली. मी तिच्यामागं गेले नाही. कितीतरी दिवसांनी तिनं त्यांना हसताना पाहिलं होतं.

पहिला नीट आलेला फोटो ज्वारीतल्या सोंड्याचा. मंगलनंच निवडताना काढून दिला होता. काळा एवढासा किडा, पण फोटोत त्याची सोंड, पाठीवरचे खळगे, सगळं दिसत होतं, जणू कुणी दगडात कोरलंय. मंगल बघत राहिली. म्हणाली, "ह्याला मी जन्मभर सुपातून फेकून देत आले."

मग आम्ही कॉलेजात प्रदर्शन भरवलं. भाऊजी यायला तयार नव्हते. लोक फोटो बघतील की माझे हात, असं म्हणाले. मंगल म्हणाली, "मी येते ना सोबत." आले. शाल घेऊनच आले. तुमच्यातलेच एक तरुण फोटोग्राफर त्यांच्यापुढं येऊन उभे राहिले आणि म्हणाले, सर, एवढं स्थिर कसं जमतं तुम्हाला? मी जवळच होते. भाऊजींनी शालीखालून हात काढला. थरथरणारा हात सगळ्यांपुढं धरला. म्हणाले, "हे असं आहे. म्हणून ह्याला लांब ठेवतो."

त्यानंतर ती शाल त्यांनी मांडीवर घेतलेली मी पाहिली नाही.

पण आजार थांबला नाही. तो थांबणारा नव्हताच. पुढं पुढं बोटांना तो बारीक स्क्रूही फिरवता येईना. मग मंगल फिरवायला लागली. भाऊजी खुर्चीत बसून सांगायचे. "थोडं. अजून थोडं. बास." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला ऐकू यायचा नाही. तिला यायचा. घरात दुसरं काही बोलणं नसलं, तरी एवढं बोलणं रोज दुपारी व्हायचं.

शेवटची एक मधमाशी होती. खिडकीत मरून पडलेली. मधमाशीच्या डोळ्यांवरसुद्धा केस असतात, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. भाऊजींना ते फोटोत आणायचे होते. दोघांनी मिळून सगळे फोटो काढले, मधमाशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. जोडायचं तेवढं राहिलं होतं. त्यांना ताप आला, छातीत कफ भरला, दवाखान्यात नेलं. तिथून ते परत आले नाहीत.

काल मी मंगलला म्हटलं, ते फोटो मी जोडून देते. मला येतं. आज इथं त्यांच्या तसबिरीशेजारी लावता येईल.

ती म्हणाली, "राहू दे, शैला. जोडला की त्यांचं काम संपलं. अजून थोडे दिवस ते चालू असू दे."

मी ते तिथंच सोडलं. माझी तुम्हालाही विनंती आहे, तिला कुणी घाई करू नका. तिला वाटेल तेव्हा ती जोडेल. नाही वाटलं, तर नाही.

भाऊजी, तुम्हाला जय भीम.

आता आपण सगळे जागेवर उभं राहू. पंखे थोडा वेळ बंद करायला सांगते. उकडेल, पण त्यांच्यासाठी एवढं करू. कुणी हलू नका, कुणी बोलू नका. थोडा वेळ नुसते शांत उभे राहू.