रात्रीची गोळी

हॅलो?… हॅलो, ज्येष्ठांच्या विम्याचं ऑफिस ना?… नमस्कार ताई. मघापासून नुसती ट्यून ऐकतोय. माणसाचा आवाज आला, बरं वाटलं.

नाही, माझ्यासाठी नाही, बायकोसाठी. पॉलिसी दोघांची एकच… दिसतेय? छान.

विचारायचं एवढंच, तिची एक गोळी विम्यात बसते का? औषधवाला म्हणाला, बसत नाही. म्हटलं, एकदा तुमच्याच तोंडून ऐकावं.

नाव?… थांबा हं, वाचतो. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू, आणि ह्या पाकिटावर अक्षरं मुंगीएवढी… 'ए', मग 'बी'… 'डी' नाही हो, 'बी'. बदकातला ब… हां, तीच! रक्त पातळ ठेवायची. तिच्या हृदयाचे ठोके मधूनच वेडेवाकडे पडतात ना.

जुनी गोळी? दिली होती की आधी. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, म्हणून डॉक्टरांनी ही बदलून दिली.

दिवसाला दोन. सकाळी एक, रात्री एक… शिल्लक किती? बघतो हं… अरेच्चा. ही पट्टी तर अजून अर्धी भरलेली आहे. एव्हाना संपायला हवी होती.

एक मिनिट, ताई. फोन ठेवू नका.

अगं! इकडे ये जरा… राहू दे तो पडदा, मग शिव… ह्या गोळ्या एवढ्या कशा उरल्या?… विसरलीस? तू? अख्ख्या घराचे वाढदिवस पाठ असलेली तू?… माझ्याकडे बघून सांग.

रात्रीची घेतच नाहीस?… औषधवाल्यानं सांगितल्यापासून?

…हो ताई, आहे, आहे. ऐकलंत ना? दोनातली एकच घेते ही. पुरवून पुरवून.

अगं पण का?… माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी?… 'मला काय धाड भरलीय' काय? तूच नसलीस तर स्वच्छ दिसून मी बघू काय?

…नाही ताई, ओरडत नाहीये. आवाजच तसा आहे माझा… बरं, हळू बोलतो.

काय? यादीत आहे?… हो, हो… अगं ऐक ना, यादीत आहे म्हणतायत!… सांगा, ताई. आधी मंजुरी लागते… डॉक्टरांनी लिहून द्यायचं, जुनी गोळी का सोसली नाही ते… म्हणून दुकानात 'नाही' दाखवत होतं होय! म्हणजे तो खोटं नाही बोलला, अर्धंच बोलला.

नक्की मिळेल ना मंजुरी?… हं, शब्द नाही देता येत तुम्हाला. पण कारण पक्कं असलं तर बहुतेक मिळते… चालेल. तेवढाही धीर पुष्कळ आहे.

आणि ताई, आज रात्री दोन एकदम देऊ का? भरून काढायला?… नको? बरं, बरं, नाही देत. डॉक्टरांना आत्ताच विचारतो… हो, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर थेट हॉस्पिटल. समजलं… नाही हो, तसं काही नाही. माझा दंड घट्ट धरून उभी आहे. अगं, नखं लागतायत!

तिच्याशी बोलायचंय तुम्हाला?… नाही म्हणते. लाजली… सांगा, मी सांगतो तिला.

अगं, ह्या म्हणतायत, त्यांची आईपण अशीच करायची. कुणाला न सांगता.

…करायची?

…अरे.

…हो, ताई. सांगतो. नीट सांगतो.

अगं, त्यांची आई त्यातच गेली, तू एकही गोळी चुकवू नकोस म्हणतायत… ऐकलंस ना गं?… मान हलवली, ताई. अशी सहजासहजी नाही हलवत ती. आणि बघा, स्वतःच्या मोबाईलवरून डॉक्टरांना लावतेय… 'मी रात्रीची गोळी घेत नव्हते' म्हणून सांगतेय. आपणहून.

ठेवतो, ताई. तिच्याजवळ बसतो.