सिस्टर, त्यांची जीभ बघा

हॅलो?… हो ताई, मीच… मीच आहे गं. घसा बसलाय जरा… नाही, ताप नाही. थांब, कपड्यांचं मशीन चालू आहे, बंद करते. काही ऐकू येत नाही.

हं, बोल… बघितले तुझे मिस्ड कॉल. सहा का सात… रागावू नकोस ना. कुणाशीच बोलवत नव्हतं.

तुला कोणी सांगितलं?… भाऊजींनी? त्यांना कुठून कळलं?… म्हणजे झालीच म्हणायची सगळीकडे दवंडी.

नाही, नोकरी गेली नाही. अजून तरी. मेट्रनबाईंनी वॉर्डातून उचलून स्टोअरमध्ये बसवलंय. चादरींच्या घड्या घालते… हो, माझी चूक झाली असं मीच लिहून दिलं शुक्रवारी. माझ्या सहीनिशी… वेड नाही लागलं. हो, हो… अगं ऐक ना. आधी ऐकून तर घे, मग काय बोलायचं ते बोल.

चिमीच्या शाळेच्या बसचे ड्रायव्हर आठवतात?… हां, तेच, पोंपोंकाका. वळणावर दोनदा हॉर्न वाजवायचे, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव… हो, रंगाने काळे. काळेच होते, ताई. एवढा आवाज कशाला उतरवतेस? शिवी दिल्यासारखं…

गेल्या सोमवारी आमच्याच वॉर्डात आले. न्यूमोनिया. बरोबर बायको. शिवणकाम करते ती, मापाची टेप गळ्यात तशीच. मी ऑक्सिमीटर लावला… अगं, बोटाला लावतो ना तो चिमटा, ऑक्सिजन किती आहे ते दाखवतो. चौऱ्याण्णव. म्हटलं, काळजीचं कारण नाही.

ती म्हणाली, सिस्टर, यांना एक वाक्य धड पुरं करता येत नाहीये. मी म्हटलं, आकडा चांगला आहे. थोड्या वेळाने परत आली. म्हणाली, सिस्टर, त्यांची जीभ बघा, जिभेचा रंग बघा, निळा पडलाय… नाही. नाही ना बघितली! मशीन बघितलं. म्हटलं, बाई, मशीन कशाला खोटं बोलेल?

तिसऱ्यांदा आली तेव्हा… आहेस ना?… तेव्हा मी शेजारच्या सिस्टरला म्हटलं, "या लोकांना राईचा पर्वत करायची सवयच असते."

हो… मीच. याच तोंडाने… ऐकलं ना तिने. दोन हातांवर तर उभी होती… नाही, चुकून नाही गेलं तोंडातून. ऐकलं तर ऐकलं, असंच वाटलं होतं मला. तुझ्याशी कशाला खोटं बोलू?

चौथ्यांदा ती आलीच नाही, ताई. नवऱ्याचा हात धरून स्टुलावर बसून राहिली.

दुपारी डॉक्टरीणबाई राउंडला आल्या. त्या नवीन, तरुण. त्यांनी आधी जीभच बघितली. मग जी पळापळ झाली… मनगटातून रक्त काढून तपासलं. ऑक्सिजन पंच्याऐंशीसुद्धा नव्हता. आणि बोटावरचं मशीन, अजून ब्याण्णव दाखवतंय!

बुधवारी सकाळी गेले.





नाही गं, मशीन बिघडलेलं नव्हतं. तेच तर सांगतेय. डॉक्टरीणबाईंनी समजावलं मला. ते मशीन बोटातून उजेड सोडून मोजतं. कातडी गडद असली, की कधी कधी आहे त्यापेक्षा वरचा आकडा दाखवतं. नेहमी नाही, पण दाखवतं. कैक वर्षांपासून माहीत आहे म्हणे… कोणाला म्हणजे? ज्यांना जाणून घ्यायचं होतं त्यांना. आम्हाला कुणी शिकवलं नाही… हो, शिकवायला हवं होतं, कबूल. पण जीभ बघायला काय शिकवावं लागतं? तेच गाऱ्हाणं घेऊन आपल्यासारखी कोणी बाई आली असती ना, तर मी उठले असते. उठले असते गं… मला तिथंच अडकायला होतं.

काय? आपल्या घरात असलं काही नव्हतं?… ताई, चिमी झाली तेव्हा आई पहिलं वाक्य काय बोलली? "सुटलो बाई, रंग आपल्यावर गेलाय." तू हसलीस. मीही हसले, टाके दुखत होते तरी… मस्करी, हो. मस्करीच होती.

शनिवारी गेले होते मी पोंपोंकाकांच्या बायकोकडे… एकटी. दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. दारातच सांगितलं सगळं. ते वाक्यसुद्धा. ती म्हणाली, "मशीनला दिसलं नाही, हे मी समजू शकते. तुम्हाला तर डोळे होते."

…नाही, माफ-बिफ काही नाही केलं. मी मागितलीही नाही. कुठल्या तोंडाने मागू?

वळले तर मागून हाक मारली. म्हणाली, उद्या आमच्या वस्तीच्या हॉलमध्ये या. हेच सगळ्यांसमोर सांगा. आमच्या बायका सांगून सांगून थकल्या, कोणी खरं मानत नाही. तुमचं मानतील.

गेले ना. काल… छे, अंगावर कोण कशाला येईल? तुझं आपलं काहीतरीच! चाळीसेक माणसं होती. डॉक्टरीणबाईही आल्या होत्या. बोलले. सगळं बोलले. मग मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुम्ही या वॉर्डात किती वर्षं आहात?" म्हटलं, अकरा. तर म्हणाले, "मग यांच्याआधी किती?"



मला माहीतच नाही. किती जणांना म्हटलं असेन, काळजीचं कारण नाही, घरी जा…

मग एकेक बाई बोलायला लागली. काकांच्या बायकोने माझ्यासमोर वही सरकवली, म्हणाली, लिहा. लिहीत बसले. एकीचं बाळंतपण, एकीचा भाऊ, एकीचं तापातलं पोर. सगळ्यांचं एकच, सांगितलं होतं पण कोणी ऐकलं नाही. हात भरून आला, पण थांबा म्हणायची हिंमत नाही झाली… आता डॉक्टरीणबाई आणि वस्तीतल्या दोघी मिळून दवाखान्याला अर्ज देतायत. नुसत्या आकड्यावर विसंबायचं नाही. जीभ बघायची, श्वास मोजायचा, घरचं माणूस सांगतंय तर रक्त तपासायचं… हो, मीही सही केली… पूर्ण नाव घालून… जाऊ दे गं नोकरी गेली तर!

चिमीला? सांगितलं. बसवर नवा माणूस आलाय, तिला काय कळणार नव्हतं? म्हणाली, "आई, पण तू तिथंच होतीस ना? मग?"… एवढंच. "मग?" गुरुवारपासून माझ्याकडून वेणी घालून घेत नाही. शेजारच्या काकूंकडे जाते, रिबिनी हातात घेऊन…

अं?… काय म्हणालीस? परत म्हण…

नाही ताई. माझ्या भल्यासाठी बोलतेयस, कळतं मला. पण ते नको म्हणूस. "त्यांचं आयुष्य तेवढंच होतं" असं नको म्हणूस. तेवढंच नव्हतं… नव्हतं! सोमवारी ते स्वतःच्या पायांनी चालत आले होते, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. मला बघून हसले. म्हणाले, "चिमीला सांगा…" मग थांबले. "दोन दिवसांत…" परत थांबले. "…येतो."

एवढंसं वाक्य गं. त्यात दोनदा दम घेतला. आणि मी ऐकलं होतं, ताई… ऐकलं होतं.

ठेवते मी.