फितीचं टोक

पुसदच्या स्टँडवर महागावची गाडी अजून लागायची होती. नागपूरला शर्यत पळून परतलेल्या भाचीला घ्यायला आलेली आत्या माझ्या शेजारीच बसली होती. पोरीच्या गळ्यात मेडल होतं.

“दीपा, पहिली आली ना व?”

“पहिली पोचली, आत्या.”

“म्हंजे?”

“शर्यत पाळण्यांच्या पार्कात होती. बाकीचे मधातच थांबून, अस्वलाचे कपडे घातलेल्या माणसासंग फोटो काढून राह्यलते. मी थांबलीच नाही.”

“कायले थांबाचं! कापसाले भाव नाही, वेचाले बाई लावणं परवडत नाही, तरी तुले वेचणी सोडून पाठवलं. ते का अस्वल पाहाले?”

“पोचली तं तिथी फीतच बांधली नव्हती. पाहुणे चहा पिऊन राह्यलते. मागं जाऊन पुन्हा पळत ये म्हणे, फोटोसाठी. मी नाही म्हटलं.”

“बरं केलं! एकदा पळाली ना? दोनदा कायले पळाचं?”

“मंग फीत दुसरीनं तोडली.”

“आन नंबर?”

“तिलेच देला. फीत तोडन तो पहिला, म्हणे.”

“मंग हे मेडल?”

“हे सगळ्याइले भेटलं. चालत आले त्याइले बी.”

“चुलीत घाल ते! आन ती फीत तोडत होती तवा तू कुठी मेली होती?”

“तिथीच. मी रिकामी उभी दिसली, तं फितीचं एक टोक माह्याच हाती देलं.”

“आन तू धरलं?”

“धरलं.”

“पेपरात फोटो आला म्हणते. दिसते का त्यात तू?”

“हात दिसते.”