गाडी सहा महिने उभी

महाडच्या गॅरेजात माझा नंबर काय लागत नव्हता, डोकं फिरलेलं. पुढं नाझियाभाभी नवऱ्याची, अझीमची बाईक घेऊन उभी, आणि अनिल मेकॅनिक तिलाच समजावत बसलेला.

“अझीम बोटीवर नोकरीला गेला, म्हणजे गाडी सहा महिने उभी. टाकी गळ्यापर्यंत भरा भाभी, नायतर आत गंज धरतो.”

“मग?”

“पेट्रोलचा कॉक बंद करायचा आणि इंजिन चालू ठेवायचं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपलं की आपोआप बंद पडंल.”

“ते कशाला संपवायचं?”

“उभ्या गाडीत ते चिकट होतं, भोकं बुजतात.”

“आणि गाडी रोज फिरवली तर?”

“तर कायच करायला नको. पण फिरवणार कोण? अझीम बोललाय ना, कुणाला हात लावू देऊ नको.”

“बोललाय. मी इथं कशी आणली, ते नाय विचारलंत.”

“ढकलत आणली असणार.”

“वीर गावावरनं, एवढ्या लांबनं? इंजिनला हात लावून बघा.”

अनिलनं हात लावला आणि झटकन मागं घेतला.

“भाभी, मग कॉक?”

“राहू दे चालूच.”

“आणि अझीमचा फोन आला तर काय सांगू?”

“सांगा, गंज नाय धरणार.”