दुसऱ्या टोकाचा झेंडा

सन्माननीय अध्यक्ष आदरणीय दादासाहेब, प्रमुख पाहुण्या श्रीमती नीना पार्कर, आपल्या लेस्टरच्या बौद्ध मंडळाच्या सचिव श्यामलाताई, केंब्रिजहून एवढ्या पावसात गाडी चालवत आलेले दीनानाथ, सभागृहातले माझे बंधू-भगिनी, आणि मैदानावर मला कधीही न घाबरलेले सर्व खेळाडू, आपणा सर्वांना सप्रेम जय भीम.

नीनाताईंना मराठी येत नाही. ईरा शेजारी बसून त्यांच्या कानात इंग्रजी करते आहे. ईरा, मी हळू बोलतो. कुठे अडलीस तर हात वर कर.

या वर्षी मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी घरी वंदना केली, पांढरा कोट घडी करून झेंड्यांसोबत पिशवीत घातला आणि कौन्सिलच्या मैदानावर गेलो. शेडचं कुलूप काढलं. खांब एकट्याने उचलायचे नसतात, पण ओढत ओढत नेले आणि जमिनीतल्या नळ्यांमध्ये एकेक करून उभे केले. एका टोकाचेच चार. दुसऱ्या टोकाचे लावायचं बळ उरलं नाही. मग कोट चढवला, दोन्ही हातांत झेंडे घेतले आणि माझ्या जागेवर उभा राहिलो. सामना नव्हता. केंब्रिजचा संघ येणार नाही, आता कधीच येणार नाही, असा दीनानाथांचा फोन आदल्या दिवशीच आला होता. मी तो कुणालाही सांगितला नव्हता.

मग मी तिथे कशासाठी गेलो होतो? सांगतो. पण त्याआधी, जे कधी मैदानावर आले नाहीत, फक्त पोरांचे चिखलाचे कपडे धूत राहिले, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा चेंडू नारळासारखा लांबट. प्रत्येक टोकाला चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन बुटके. लाथेने मारलेला चेंडू कशालाही न शिवता उंच खांबांमधून गेला तर गोल, सहा गुण. उंच आणि बुटक्यामधून गेला किंवा उंच खांबाला घासला, तर एकच. त्या खांबांमागे पांढऱ्या कोटात एक माणूस उभा असतो. गोल झाला तर त्याने दोन झेंडे हलवायचे, एक गुण असेल तर एक. आणि हे मला फार आवडायचं, दुसऱ्या टोकाला तसाच एक माणूस असतो. लांबवर उभा राहून त्याने तसेच झेंडे हलवून दाखवायचे. म्हणजे, तू दाखवलंस ते मला पोचलं. तोवर खेळ पुढे सरकत नाही, निदान आमच्या लीगमध्ये सरकत नसे.

दुसऱ्या टोकाला कॉलिन पार्कर असत. नीनाताईंचे यजमान. मूळचे ऑस्ट्रेलियाचे, कुणालाही 'मेट', म्हणजे दोस्त म्हणणारे. आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते, मी त्याच इमारतीत खाली शस्त्रक्रियेची अवजारं निर्जंतुक करायचो. एकदा कँटीनच्या रांगेत मला म्हणाले, "मेट, तुला सहापर्यंत मोजता येतं का?" मी म्हटलं, येतं. म्हणाले, "मग रविवारी ये. आमच्या लेक्चरर लोकांना येत नाही."

ही लीग त्यांनी उभी केली, घरची आठवण येणाऱ्या ऑस्ट्रेलियन नर्स, डॉक्टर आणि विद्यापीठातल्या लोकांना गोळा करून. लेस्टर, लफबरो, नॉटिंगहॅम, केंब्रिज, असे चार संघ. उंच खांब रग्बीवाल्यांचे उसने, बुटके म्हणजे बांधकामाचे पाइप. कुत्री फिरवायला आलेली माणसं विचारायची, हे नेमकं काय चाललंय? कॉलिन म्हणायचे, "आम्हालाही नीट माहीत नाही, पण थांबा, मजा येईल."

माझ्या गावच्या शाळेत खेळाच्या तासाला मी रेषेच्या बाहेर उभा असायचो. का, ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. इथे मला रेषेवर उभं केलं, अंगावर पांढरा कोट चढवला, आणि मी हात वर करेपर्यंत सगळं मैदान माझ्याकडे पाहत राहायचं. एवढ्यासाठी माणूस किती वर्षं रविवार देतो? मी सगळे दिले.

पुढे ऑस्ट्रेलियन परत गेले. व्हिसा संपले, नोकऱ्या बदलल्या, काहींना लंडनच्या मोठ्या लीगने ओढून घेतलं. लेस्टरच्या संघात आपल्या मंडळाची मुलंमुली आली. वंदनेला बूट काढायचे आणि वंदना झाली की दुसरे बूट घालायचे. श्यामलाताईंच्या हातची मटकीची उसळ खायला म्हणून केंब्रिजचे संशोधक हरायलाही येत. दीनानाथ, हसू नका, तुम्ही दोनदा डबा भरून नेलाय.

आणि मग आमच्याकडून ती चूक झाली. चूक तरी कशी म्हणू, चांगुलपणाच होता. समोरच्या संघाला माणसं कमी पडली की आपली द्यायची, हा कॉलिन यांचाच रिवाज. पंगतीला आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही. पहिल्यांदा दोघं दिले, मग अर्धा संघ. नॉटिंगहॅम बंद पडलं, तरी त्यांची जर्सी घालून आपलीच मुलं खेळली. लफबरोचंही तेच. कॉलिन तोवर आजारी पडले होते, मैदानावर येत नव्हते. कागदावर लीग चार संघांची आणि मैदानावर जवळजवळ सगळे लेस्टरचे, केंब्रिजहून दीनानाथ आणि दोघंतिघंच यायचे. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात धम्मशीला लेस्टरची कॅप्टन आणि तिचा सख्खा भाऊ प्रज्ञेश केंब्रिजचा. जाता जाता मला म्हणाला, "काका, आईला सांगा, मी शेवटी केंब्रिजला गेलो." धम्मशीला ओरडली, "फी कुणी भरली रे तुझी? गप खेळ!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो. आणि दोन्ही टोकांना मीच पळत होतो, कारण दुसऱ्या टोकाला उभं राहायला कुणी उरलं नव्हतं. या टोकाला झेंडा दाखवायचा, धापा टाकत तिकडे जायचं आणि स्वतःलाच उत्तर द्यायचं.

मागच्या डिसेंबरात कॉलिन गेले. त्याच्या आदल्या आठवड्यात वॉर्डमध्ये माझा हात धरून म्हणाले, "प्रमोद, खांब उभे ठेव." मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला आपण आणखी काय म्हणतो?

म्हणून मी त्या सकाळी गेलो होतो. शब्द पाळायला. कोट घालून, रिकाम्या मैदानाकडे तोंड करून मी दोन्ही झेंडे हलवले. पलीकडे नुसतं गवत. मी वाट पाहिली. सवयच होती ती.

तेवढ्यात कुत्र्याला घेऊन नीनाताई आल्या. मला पाहून थबकल्या. त्यांनी विचारलं, "आज कोण खेळतंय?"

"कुणी नाही."

"मग हलवतोयस काय?"

मी म्हटलं, "कॉलिन यांनी सांगितलं होतं, खांब उभे ठेव." त्यांनी कुत्र्याला खाली बसवलं. मग म्हणाल्या, "तुला ती फायनल आठवते?"

ती कुणाला आठवत नाही? लेस्टरविरुद्ध केंब्रिज. शेवटच्या क्षणी आपल्या मुलाने चेंडू मारला, उंच खांबांच्या मधून गेला, सगळे नाचायला लागले. तो गोल असता तर ढाल आपली होती. कॉलिन यांनी एकच झेंडा उचलला. चेंडू खांबाला निसटता शिवला होता. स्वतः उभ्या केलेल्या संघाला त्यांनी हरवलं. मला दुसऱ्या टोकावरून काहीच कळलं नव्हतं, तरी मीही एकच हलवला. त्या संध्याकाळी संघातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. ते उसळ वाढून घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. मी म्हटलं, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गोल दिला असतात तर कोण विचारणार होतं? म्हणाले, "मी पाहिलं होतं ना, मेट."

नीनाताई मला म्हणाल्या, "तो आज इथे असता तर झेंडे खाली ठेवून नाश्त्याला घरी आला असता." आणि कुत्र्याला घेऊन निघून गेल्या.

मंडळींनो, तेव्हाच मला समजायला हवं होतं. समजलंही, की जे झालंच नाही त्याचा झेंडा हलवायचा नाही, पण हात धजेना. मी समितीत लीग बंद करण्याचा विषय काढला. श्यामलाताई म्हणाल्या, "प्रमोददादा, नाव तरी राहू द्या. इंटरनेटवर दिसतं, बरं वाटतं." धम्मशीला म्हणाली, "काका, आपण आपल्यातच दोन टीम करू. हू केअर्स?" तिचे डोळे भरले होते, आणि ती सहजासहजी रडणारी मुलगी नाही. कौन्सिलचा माणूस दर महिन्याला अदबीने विचारायचा, मैदान ठेवताय की सोडताय? सोडायचं तर नळ्या काढून खड्डे बुजवून द्या. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात सांगतो. असा उन्हाळा गेला.

सगळं अनित्य आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. रोज म्हणतो. पण म्हणणं वेगळं आणि जमिनीतून खांबाची नळी उपसणं वेगळं. एक लीग मेली म्हणून जगाचं काय बिघडलं? काही नाही. रविवारी सकाळी त्या मैदानावर धुकं असेल, कुत्री असतील, आणि कुणीही कुणाला हात वर करून सांगणार नाही की तू दाखवलंस ते मला पोचलं. माझ्यापुरतं एवढंच बिघडलं, आणि ते थोडं नाही.

आता आवरतो, ईरा दमली. दादासाहेबांनी अध्यक्षस्थान स्वीकारलं, श्यामलाताईंनी इतकी वर्षं आम्हाला खाऊ घातलं, दीनानाथांनी खरं सांगण्याचा फोन केला, नीनाताईंनी एक प्रश्न विचारला, या सर्वांचा मी ऋणी आहे. जे खेळले त्यांचा तर आहेच. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. इतक्या वर्षांत एखादा झेंडा चुकीचा उचलला असेल, तोही.

शेवटचं एक. आज सकाळी, तुम्ही सगळे हॉलमध्ये खुर्च्या मांडत होता तेव्हा, धम्मशीला आणि मी मैदानावर गेलो होतो. कॉलिन यांना दिलेला शब्द मी मोडला. दोन्ही टोकांच्या नळ्या उपसल्या, खड्ड्यांत माती भरली, पायाने दाबली, वर गवताचं बी टाकलं. शेडची किल्ली कौन्सिलला दिली. झेंडे मात्र मी या वेळी घरून नेलेच नव्हते.