ललिताचा कम्प्युटर

दिंडोरीच्या गाडीत मागच्या सीटवर दोन म्हाताऱ्या बोलायला लागल्या, तसं मंजुषानं हातातलं मासिक मिटलं.

"सखुबाई, तुझ्या सुनेचा कम्प्युटर बिघडला म्हनं?"

"बिघडला नाय गं भागे. नवी सिस्टीम टाकली तवापासून सुरू व्हायलाच लय वेळ लावायचा. दुकानवाला म्हनला, सगळं पुसावं लागंल."

"आन् गिऱ्हाइकांचं टायपिंग?"

"म्हनून तर ललितानं त्याला हात लावू दिला नाय. सोताच शोधलं. चालू केला की ढीगभर गोष्टी आपोआप उघडायच्या. तिनं एकेक बंद केली."

"मग आता झटक्यात व्हत आसंल?"

"व्हतो की! पन चालू केला की वाजती ती देवीची आरती तेवढी मी काढू दिली नाय."

"आन् आरती संपंस्तवर गिऱ्हाइकं खोळंबत्यात त्ये?"

"खोळंबत्यात कशाला? टाळ्या वाजवत्यात."